तळाशी राहणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या आवराआवरीत घरातला फिश टँकही सुटत नाही. माळे उतरतात, पडदे धुतले जातात आणि मग कुणाच्या तरी लक्षात येते, की टाकीतले निळे-लाल खडे शेवाळाने मळले आहेत. मासे बादलीत, खडे मोरीत, नळाखाली घासाघास! तासाभरात टाकी लखलखीत होते आणि भाऊबिजेपर्यंत एकेक मासा तरंगू लागतो. मुले हिरमुसतात, दोष दुकानदाराच्या माथी जातो. कारण मात्र बहुधा त्या लखलखाटातच असते.

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष आहे. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळच कमी घातक असे नायट्रेट करतात. ही वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात खडे घासले, की ती धुऊन जाते.

मग तळ बदलूच नये काय? बदलावा, आणि तळाशी राहणारे मासे असतील तर अवश्य बदलावा. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला इवलासा कोरिडोरस मिशांनी तळ चाचपतो, वाळूत तोंड खुपसून अन्न वेचतो आणि वाळू कल्ल्यांवाटे सोडून देतो. आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला पट्टेरी झेब्रा लोचही असाच तळाशी वावरणारा. जाड, धारदार खड्यांच्या फटींत अन्न कुजते. अशा तळावर मिशा झिजतात, सडतात. या माशांना मिशा म्हणजे आंधळ्याची काठीच!

त्यांच्यासाठी बारीक, गोलसर कणांची वाळू घ्यावी. तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस आला, तर तिच्यात शिंपल्यांचा चुना आहे. ती पाणी जड करते, म्हणून नको. चांगली वाळू नितळ पाणी येईपर्यंत धुवावी.

बदलायच्या दिवशी टाकीतलेच पाणी मोठ्या टबात काढून मासे त्यात ठेवावेत. कोरिडोरसच्या परांचे काटे जाळीत अडकतात, म्हणून त्याला प्लास्टिकच्या डब्याने उचलावे. टब झाकावा, हवेचा पंप आणि फिल्टर त्यातच चालू ठेवावा. फिल्टरचा स्पंज त्या दिवशी मुळीच धुऊ नये. मग जुने खडे काढून, टाकीचा तळ पुसून चार-पाच सेंटीमीटर वाळू पसरावी. पाणी बशीवर, हळूहळू ओतावे. नवे पाणी क्लोरीन घालवलेले आणि जुन्याइतक्याच उबेचे हवे. मूठ-दोन मुठी जुने खडे जाळीच्या पिशवीत बांधून महिनाभर टाकीत सोडावेत. त्यांवरचे जीवाणू नव्या वाळूवर बस्तान बसवतात.

खड्यांखाली जाळीचा फिल्टर असेल, तर मात्र घाई म्हणजे आगीतून फुफाट्यात. तिथे जीवाणूंची बहुतेक वस्ती खड्यांतच असते आणि बारीक वाळूने जाळी तुंबते. म्हणून आधी स्पंजचा नवा फिल्टर जुन्याच्या जोडीला दीड महिना चालवावा, मगच खड्यांना हात लावावा.

पुढचे दोन आठवडे खाद्य निम्मे द्यावे आणि अमोनिया तपासत राहावे. तो दिसला, किंवा मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागले, तर लगेच पाव टाकी पाणी बदलावे.

एवढे सांभाळले, की एखाद्या संध्याकाळी मुलांना काचेजवळ बोलवावे. डोळ्यांपर्यंत वाळूत घुसलेला कोरिडोरस आणि त्याच्या कल्ल्यांतून झरणारी वाळू पाहताना जेवणाची हाक कुणाच्या कानावर पडत नाही.