युवा ऑलिंपिकमधील हॉकी

युवा ऑलिंपिकमधील मैदानी हॉकीच्या स्पर्धा २०१० साली सिंगापूर येथे सुरू झाल्या. त्या मुले व मुली अशा दोन गटांत खेळविल्या गेल्या.

स्वरूप

सिंगापूरला अकरा खेळाडूंचे पारंपरिक सामने झाले. नानजिंग येथे २०१४ पासून पाच खेळाडूंची ‘हॉकी फाइव्ह्‌ज’ ही पद्धत स्वीकारण्यात आली. हिचे मैदान लहान असते, कडेच्या फळ्यांवर आपटून चेंडू पुन्हा खेळात येतो आणि पेनल्टी कॉर्नर नसतो. खेळाडू कमी लागत असल्याने अधिक देशांना सामावून घेता आले. प्रत्येक गटातील संघ सहावरून २०१४ मध्ये दहा, तर २०१८ मध्ये ब्यूनस आयर्स येथे बारा झाले. त्यांत व्हानुआतूसारखे लहान बेटराष्ट्रही होते.

विजेते

मुलांमध्ये ऑस्ट्रेलियाने २०१० व २०१४ मध्ये, तर मलेशियाने २०१८ मध्ये सुवर्णपदक मिळविले. मुलींमध्ये अनुक्रमे नेदरलँड्स, चीन व अर्जेंटिना विजेते ठरले.

भारताचा सहभाग

भारतीय संघ २०१८ मध्ये प्रथमच सहभागी झाले. अंतिम सामन्यांत मुले मलेशियाकडून ४–२, तर मुली अर्जेंटिनाकडून ३–१ अशा पराभूत झाल्या. दोन्ही संघांना रौप्यपदक मिळाले. कर्णधार विवेक सागर प्रसाद व सलिमा टेटे हे दोघेही पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले.