वेदनाशमनाच्या तीन पायऱ्या

कर्करोगाचा रोगी रात्री तळमळत असतो आणि घरची माणसे गोळी हाती असूनही ती देण्याचे टाळतात. अगदीच सोसवेना तेव्हा द्यावी, अशी त्यांची समजूत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली जी पद्धती प्रसिद्ध केली, तिचा रोख नेमका उलट आहे. औषध शक्यतो तोंडाने द्यावे, ठरल्या वेळी द्यावे, वेदना उसळण्याची वाट पाहू नये.

पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही औषधे येतात. ती घरोघरची म्हणून निरुपद्रवी मानली जातात, आणि घात होतो तो तेथेच. पॅरासिटामॉल धडधाकट प्रौढासही दिवसाकाठी चार ग्रॅमपलीकडे देऊ नये. सर्दीच्या गोळ्यांतूनही पुष्कळदा तेच पोटात जाते, बेरीज नकळत वाढते आणि यकृताला इजा पोहोचते. आयबुप्रोफेनच्या वर्गातील औषधांनी जठरात व्रण पडू शकतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. वृद्धांस ती डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत.

दुसरी पायरी कोडीन, ट्रामाडॉल यांची. कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते तेव्हाच गुण येतो. काहींच्या शरीरात हे रूपांतर पुरेसे होत नाही. तिसरी पायरी खुद्द मॉर्फिनची. वेदना आरंभीच तीव्र असेल, तर खालच्या पायऱ्या चढत बसण्याचे कारण नाही.

मॉर्फिनचे नाव काढताच व्यसनाची धास्ती वाटते. कर्करोगाच्या वेदनेसाठी बेताच्या मात्रेत, देखरेखीखाली दिल्यास तसे क्वचितच घडते. मळमळ व गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरतात. बद्धकोष्ठ मात्र हटत नाही. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच हवे. श्वास मंदावणे हा गंभीर अपाय. झोपेच्या गोळ्या वा मद्याची जोड मिळाल्यास त्याचा धोका वाढतो.

माळव्यात मंदसौर, नीमच भागात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि मॉर्फिन तिच्यातूनच निघते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचा असा गुंता झाला की, पीक दाराशी असून देशातील बहुतेक रोग्यांना औषध दुर्मिळ झाले. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाग्रस्तांसाठी संस्था उभारली. कायदा सुधारण्यासाठीही ते झटले. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन अनेक परवान्यांची अट सुटली. तरीही कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मॉर्फिन सहसा मिळत नाही. ते कोणत्या मान्यताप्राप्त रुग्णालयात मिळेल, याची चौकशी रोग्याच्या डॉक्टरांकडेच करावी लागते.