नंबरप्लेटवरचं साल

आत्याच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. माझा धाकटा काका इंग्लंडमधल्या कुठल्याशा रस्त्यावर मॉरिस मायनरला टेकून हसत उभा आहे. मागे तारीख नाही. फोटो होता आजीच्या आजारपणातल्या पत्रांच्या गठ्ठ्यात. आजी १९६४ मध्ये गेली, काका येऊ शकला नाही. बाबांच्या मनात अढी होतीच. ‘आई अंथरुणाला खिळलेली आणि हा तिकडे मोटार मिरवत होता,’ असं ते फोटो पाहून म्हणाले. मी मात्र भिंग घेऊन गाडीचा नंबर वाचला.

ब्रिटनमध्ये मोटारींना नंबर सक्तीचा झाला १ जानेवारी १९०४ पासून. सुरुवातीला एक-दोन अक्षरं आणि पुढे आकडे. अक्षरांवरून नोंदणीचं ठिकाण कळे. ‘ए’ म्हणजे लंडन, ‘बी’ म्हणजे लँकेशर. आपल्याकडे ‘एमएच १२’ म्हटलं की पुणे कळतं, तसंच. नंबर पुरेनात म्हणून १९३२ पासून तीन अक्षरं आली. पुढे १९५० नंतरच्या दशकात तोच क्रम उलटा करून आकडे आधी लिहू लागले. या नंबरांवरून सालाचा नुसता अंदाज बांधता येतो.

खरी सोय झाली १९६३ मध्ये. नंबराच्या शेवटी सालाचं अक्षर जोडायला सुरुवात झाली. ‘ए’ म्हणजे १९६३, ‘बी’ म्हणजे १९६४, ‘सी’ म्हणजे १९६५. पहिली दोन वर्षं सगळ्या कचेऱ्यांनी ही पद्धत घेतली नाही. त्यामुळे शेवटी अक्षर नाही म्हणून गाडी १९६३ पूर्वीची, असं समजू नये. १९६५ पासून मात्र ती सर्वत्र लागू झाली. १९६७ मध्ये ‘ई’ अक्षर सातच महिने चाललं आणि १ ऑगस्टला ‘एफ’ आलं. तेव्हापासून अक्षर ऑगस्टमध्ये बदलू लागलं. ‘आय’, ‘ओ’ अशी आकड्यांशी घोटाळा करणारी अक्षरं वगळली होती. १९८३ च्या ऑगस्टमध्ये सालाचं अक्षर शेवटून उचलून सुरुवातीला आणलं. सप्टेंबर २००१ पासून अक्षराऐवजी दोन आकडे आले. मार्च २००२ च्या गाडीला ०२, सप्टेंबरच्या गाडीला त्यात पन्नास मिळवून ५२.

एक सावधगिरी हवी. तिथे हौसेचा नंबर एका गाडीवरून दुसरीवर नेता येतो. जुना नंबर नव्या गाडीला चालतो, पण गाडी आहे त्याहून नवी वाटेल असा नंबर लावायला मनाई आहे. शिवाय उत्तर आयर्लंडच्या नंबरांत साल नसतंच. गाडीचं वय झाकायला ते सोयीचे पडतात.

फोटोचं मात्र सोपं असतं. जो नंबर अजून निघालाच नाही, तो फोटोत येणार कुठून? काकामागच्या गाडीच्या नंबरात शेवटचं अक्षर होतं ‘डी’. म्हणजे १९६६. तेव्हा आजीला जाऊन दीड-दोन वर्षं तरी झाली होती. आत्याने फोटो नंतर कधीतरी त्या गठ्ठ्यात सरकवला असणार.

मी बाबांना हे कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी भिंग घेऊन ते अक्षर दोनदा पाहिलं. मग म्हणाले, ‘त्याचा फोन नंबर आहे का तुझ्याकडे?’

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)