चाँदरातीचा मोगरा

२०२६ साली १९ मार्चला गुढीपाडवा आणि त्याच दिवशी रमजानचा २९ वा रोजा. संध्याकाळी चाँद दिसला तर २० तारखेला ईद, नाही दिसला तर २१ ला. २०२५ साली ३० मार्चला पाडवा आणि ३१ ला ईद होती. २०२४ साली ९ एप्रिलला पाडवा आणि ११ ला ईद. दोन्ही सणांचा हिशोब अमावास्येनंतरच्या चंद्रावर चालतो. फरक इतकाच की पंचांगात अधिक महिना धरतात, हिजरी सनात धरत नाहीत. २०२६ च्या मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणून २०२७ साली ईद मार्चमध्ये आणि पाडवा एप्रिलमध्ये जाईल. मग अशी गाठ पडायला तीसेक वर्षे लागतील.

या गाठीची सर्वांत जास्त धावपळ होते ती फुलवाल्याची. साताऱ्यात राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत सणाच्या आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. गुढीसाठी झेंडूच्या माळा, तर दोन दिवसांनी ईदसाठी गजरे, गुलाब, निशिगंध. गिऱ्हाईक वेगळे, फुलवाला एकच. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात 'फुलारी' हे आडनाव हिंदूंत आहे तसे मुसलमानांतही आहे. बागवान, अत्तार, तांबोळी यांच्यासारखेच तेही धंद्यावरून पडलेले.

झेंडू किंवा शेवंती एक दिवस उशिरा विकली तरी चालते. मोगऱ्याचे तसे नाही. त्याच्या कळ्या मिटलेल्या असतानाच तोडतात, त्या संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी तांबूस पडू लागतात. आता २९ व्या रोज्याला फुलवाल्याने काय करावे? चाँद दिसेल म्हणून भरपूर कळ्या आणल्या आणि चाँद दिसला नाही, तर माल अंगावर पडतो. कमी आणल्या आणि चाँद दिसला, तर रात्री नऊला आपण सगळे दारात उभे, आणि 'भाव काय लावलाय!' म्हणत रागावणार. भाव त्या रात्री चढतो यात त्याची लबाडी थोडी, आपली घाई जास्त.

आम्ही काही वर्षांपासून घरात एक रीत पाळतो. रमजानच्या २५-२६ व्या रोज्याला नेहमीच्या फुलवाल्याकडे जाऊन किती गजरे, किती गुलाब ते सांगतो आणि थोडा विसार देतो. चाँद दिसला नाही तरी सांगितलेला माल आम्ही घेतो. त्या रात्री मुली गजरे माळतात, उरलेले शेजारी देतो. पाच-सहा गजऱ्यांनी आपले फारसे बिघडत नाही. पण गल्लीतल्या वीस घरांनी ऐनवेळी पाठ फिरवली तर त्या माणसाची ईद कोरडी जाते.

ताज्या फुलांना आता प्लास्टिकच्या फुलांशीही झुंजावे लागते. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत या फुलांवर बंदीची मागणी झाली ती शेतकऱ्यांच्या नुकसानीमुळेच. प्लास्टिकचा हार एकदा घेतला की चार वर्षे धुऊन वापरता येतो, हे खरे. पण त्याला वास नाही, आणि फेकल्यावर तो नाल्यात वर्षानुवर्षे पडून राहतो. शेवंती-झेंडू वाळला की कुंडीत खत होतो. शिवाय त्या पैशातून तोडणाऱ्या बाईची मजुरी, शेतकऱ्याचा खर्च आणि माळा ओवणाऱ्या घराचे पोट भागते.

फुले टिकवायचे साधे उपाय आहेत. गजरा आणल्यावर ओल्या सुती फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून थंड जागी ठेवावा. वर पाणी ओतू नये. गुलाब व जरबेराचे देठ तिरके कापावेत, पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि पाणी रोज बदलावे. निशिगंधाची काडी घेताना खालची दोन-चार फुले उमललेली आणि वरच्या कळ्या मिटलेल्या पाहून घ्यावी, म्हणजे ती ईदच्या दिवशी आणि बासी ईदलाही फुलत राहते.

सजावटीवर उधळपट्टी नको, हे आपल्याला दीन शिकवतोच. पण सुगंध ही उधळपट्टी नव्हे. कुणी सुगंधी फूल-रोप दिले तर ते नाकारू नये, कारण ते उचलायला हलके आणि वासाला चांगले, असा प्रेषितांचा (स.) उपदेश सहीह मुस्लिममध्ये आला आहे. ईद भेटीला जाताना मिठाईच्या महागड्या डब्याऐवजी दोन निशिगंधाच्या काड्या नेल्या तर देणाऱ्याला जड नाही आणि घेणाऱ्याला ओझे नाही.

आणि एक विनंती. ईदच्या नमाजाहून परतताना फुलवाला दुकान उघडून बसलेला दिसला तर भाव करण्याआधी त्याला ईद मुबारक म्हणा. तो फुलारी असेल किंवा माळी. पाडव्याच्या पहाटेपासून बहुधा तो नीट झोपलेला नसतो. शीरखुर्म्याची एक वाटी त्याच्या दुकानी पोहोचली तर फारच उत्तम.