लांबसडक केस आणि आपले ताट

"डॉक्टरसाहेब, आधी हे बघा," असे म्हणत त्या बाईंनी पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर उघडून ठेवली. आत केसांचा मूठभर गुंतवळ होता. शेजारी अकरावीत शिकणारी त्यांची मुलगी मान खाली घालून बसली होती. कंबरेपर्यंत पोहोचणारी तिची जाड वेणी सहा महिन्यांत उंदराच्या शेपटीसारखी झाली, अशी आईची तक्रार. तोपर्यंत पाच प्रकारची तेले लावून झाली होती. शेवटची बाटली साडेतीनशे रुपयांची. "आता तुम्हीच एखादं चांगलं तेल लिहून द्या," बाई म्हणाल्या.

मी मुलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग पांढुरका. "बाळ, जिना चढताना दम लागतो का?" तिने मान हलवली. सकाळी चहा-टोस्टवर कॉलेज, दुपारी दोन वाजता थंड डबा, आठवड्यात दोन उपास, आणि पाळी आठ-आठ दिवस. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.४ भरले. ते १२ च्या वर असायला हवे. तेलाऐवजी मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा बाईंचा चेहरा पडला.

मी इतका आग्रही का, हेही सांगतो. दवाखाना नवा होता तेव्हाची गोष्ट. एक नवी नवरी केस गळतात म्हणून आली होती. मी हसून "खोबरेल लावा" म्हटले आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन वाटेला लावले. पापणी पाहिली नाही. वर्षाच्या आत ती बाळंतपणासाठी आली ती पांढरीफटक होऊन. रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या, नाशिकला हलवावे लागले. बाई वाचली, बाळही वाचले. परंतु तिच्या शरीराने केसांच्या रूपाने आधीच दिलेली सूचना मला वाचता आली नव्हती. तेव्हापासून केसांची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईची पापणी मी आधी पाहतो.

केस वाढतो कसा?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. दोन ते सहा वर्षे तो वाढत राहतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस येतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा रोग नव्हे. एखादीचे केस गुडघ्यापर्यंत जातात आणि दुसरीचे खांद्याखाली उतरत नाहीत, याचे मुख्य कारण ही वाढीची वर्षे आईवडिलांकडून किती मिळाली, हे होय. ती कोणतेही तेल वाढवू शकत नाही. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत: मुळाला पोषण देणे आणि आलेला केस तुटू न देणे.

अशक्तपणा, टायफॉइड, डेंग्यू, मोठे ऑपरेशन, बाळंतपण किंवा मनाला मोठा धक्का बसला, की बरेच केस एकदमच विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. तोपर्यंत आपण ताप विसरलेलो असतो आणि दोष जातो शाम्पूला! कोरोनानंतर हा प्रकार आपण घरोघरी पाहिला. असे गेलेले केस बहुधा सहा-आठ महिन्यांत परत येतात.

शेगावचा धडा

केसांचा संबंध पोटात जाणाऱ्या अन्नाशी किती जवळचा आहे, हे बुलढाणा जिल्ह्याने दाखवून दिले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस हात लावताच निघू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडले. लोक घाबरले. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके गावात आली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांचे विंचूदंशावरील काम सर्वांना ठाऊक आहे, त्यांनीही रक्त, लघवी, केस आणि धान्याचे नमुने तपासून घेतले. गावकरी खात असलेल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त आहे आणि रुग्णांच्या शरीरात जस्त कमी आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवले.

सेलेनियम शरीराला अगदी सूक्ष्म प्रमाणात लागते. जास्त झाले की केस जातात, नखेही जातात. 'केसांच्या गोळ्या' म्हणून जे विकले जाते, त्यातील अनेकांत हेच सेलेनियम असते. दोन-तीन कंपन्यांच्या अशा गोळ्या एकदम घेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

ताटात काय हवे?

केस हा प्रथिनांचा बनलेला आहे. बाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, हरभरा, शेंगदाणे, तीळ, दूध-दही. चालत असेल त्यांना अंडी, मासे, मटण. लोहासाठी हळिवाचे लाडू केवळ बाळंतिणीसाठी राखून ठेवू नयेत, वयात आलेल्या मुलीलाही द्यावेत. जेवणात लिंबू पिळावे, आवळा किंवा पेरू खावा. त्यामुळे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की तेच लोह वाया जाते. चहा तासाभराने घ्यावा.

आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुली दप्तरात लपवतात, हे मला ठाऊक आहे. आयांनी ती पोटात जाते की नाही ते पाहावे.

निगा कशी राखावी?

कंबरेपर्यंतच्या केसाचे टोक पाच-सहा वर्षांचे जुने असते. इतकी वर्षे त्याने ऊन, धूळ आणि फणी सोसलेली असते. तेव्हा जुन्या रेशमी लुगड्याला जपावे तसे त्याला जपावे.

१) आठवड्यातून दोनदा न्हावे, घाम-धूळ जास्त असेल तर अधिक वेळा. आपल्याकडे बऱ्याच बोअरचे पाणी जड आहे. अशा पाण्यात अंगाचा साबण केसांना लावला की चिकट थर बसतो. त्यापेक्षा साधा शाम्पू बरा. शिकेकाई-रिठाही चालेल, पण वस्त्रगाळ करून. पहिले एक-दोन पाऊस जाऊ देऊन पागोळ्यांचे स्वच्छ पाणी धरले, तर शेवटचे दोन तांबे त्याचे घ्यावेत.

२) न्हाण्याआधी काही तास खोबरेल लावावे. ते केसात मुरते आणि धुताना होणारी झीज कमी करते. मात्र तेलाने नवे केस उगवत नाहीत. कोंडा असेल तर तेल डोक्यावर मुरवत ठेवू नये. कोंड्याला ते खाद्यच ठरते. किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून धुवावा.

३) ओले केस टॉवेलने झटकू नयेत, टिपावेत. गुंता मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून सोडवत वर यावे.

४) कपाळावरचे केस ताणून रोज घट्ट वेणी घातली, तर तिथले केस कायमचे विरळ होतात.

५) उवांसाठी डोक्याला रॉकेल किंवा शेतातले औषध कधीही लावू नये. त्यापायी मुलांच्या जिवावर बेतते. परमेथ्रिनचे एक टक्क्याचे औषध मिळते; ते डॉक्टरांना विचारून लावावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावे. उवा घरातल्या सर्वांच्या डोक्यात पाहाव्यात.

६) लग्नसराईत केस सरळ करून घेण्याची हौस वाढली आहे. यातील काही रसायनांमुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. हौस जपून करावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

नाण्याएवढी चाई पडली, डोक्यावर फोड किंवा खपल्या आल्या, पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर लव वाढली, वजन वाढून सतत थंडी वाजू लागली, किंवा तीन महिने झाले तरी गळती थांबेना, तर तेले बदलत बसू नये. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची तपासणी एका महागड्या तेलाच्या बाटलीपेक्षा फार महाग नाही. हिमोग्लोबिन सरकारी रुग्णालयातही तपासून मिळते.

ती मुलगी आठ महिन्यांनी आली. लोहाच्या गोळ्या तिने नेमाने घेतल्या होत्या. रक्त भरल्यावरही आणखी तीन महिने. पाळीच्या जास्त रक्तस्रावावर उपचार झाले. हिमोग्लोबिन १२.१. कपाळाच्या कडेने बोटभर लांबीचे नवे केस उभे राहिले होते. वेणी कंबरेपर्यंत जायला अजून काही वर्षे लागतील, पण तिला आता जिना चढताना दम लागत नाही.

बाईंनी या खेपेस धाकट्या मुलीलाही आणले होते. "हिचेही गळतात हो," त्या म्हणाल्या. "तेल नका देऊ. आधी हिची पापणी बघा."