‘वर्ड उघड’ एवढेच सांगायचे आहे
(लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण बोललेले शब्द संगणक मजकुरात कसे उतरवतो ते पाहिले. आजचे काम त्या मानाने लहान आहे : तोंडाने सांगून प्रोग्राम उघडणे. विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये, अ‍ॅक्सेसिबिलिटी या विभागात, ‘व्हॉइस अ‍ॅक्सेस’ नावाची सोय आहे. ती चालू करून ‘ओपन वर्ड’ म्हटले की वर्ड उघडते, ‘स्विच टू एज’ म्हटले की ब्राउझर समोर येतो, ‘शो नंबर्स’ म्हटले की पडद्यावरच्या प्रत्येक बटणावर आकडा उमटतो आणि तो आकडा उच्चारून बटण दाबता येते. मॅकवर २०१९पासून ‘व्हॉइस कंट्रोल’ जवळपास हीच कामे करते. व्हॉइस अ‍ॅक्सेसला भारतीय धाटणीचे इंग्रजी समजते. मराठी मात्र त्याच्या भाषांच्या यादीत नाही. मराठी अवघड आहे म्हणून ती राहिली, असे कुणी सांगितले तर ते मान्य करू नये, असे मला वाटते.

कारण आदेश ओळखणे हे मजकूर उतरवण्यापेक्षा मुळातच सोपे असते. मजकूर सांगताना पुढचा शब्द भाषेतला कोणताही असू शकतो. आडनाव, गावाचे नाव, अर्धवट सोडलेले वाक्य, काहीही. आदेशात एक क्रियापद असते आणि एक नाव, आणि ते नाव बहुधा त्या संगणकावर बसवलेल्या प्रोग्रामांपैकीच एक. ऐकू आलेला आवाज त्या मोजक्या नावांशी ताडून पाहायचा, सर्वात जवळचे निवडायचे आणि त्यावर क्लिक झाल्यासारखे ते चालू करायचे, एवढाच व्यवहार. म्हणून तर आयबीएमने १९६२मध्ये सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेले ‘शूबॉक्स’ हे यंत्र सोळा शब्द ओळखू शकत होते, दहा अंक आणि बेरीज-वजाबाकीचे काही आदेश, आणि तेवढ्यावर हिशेब करून दाखवत होते. अ‍ॅपलने १९९३मध्ये काही मॅकिंटॉश संगणकांवर बोललेले आदेश पाळण्याची सोय दिली. त्यात एका ठरावीक फोल्डरमध्ये वस्तू ठेवली की तिचे नाव हाच आदेश होई. आजच्या साध्या लॅपटॉपच्या मानाने ती यंत्रे फारच दुबळी होती. उलट बाजूने पाहा : गूगलने मराठी बोलून टाइप करण्याची सोय ऑगस्ट २०१७मध्येच दिली. अवघड काम आधी झाले, आणि सोपे राहून गेले.

यावर पहिला आक्षेप बोलींचा. मालवणचा, नागपूरचा आणि लातूरचा उच्चार एक नाही, हे खरे. शिवाय कुणी ‘वर्ड उघड’ म्हणेल, कुणी ‘वर्ड उघडा’, कुणी ‘वर्ड चालू कर’, कुणी ‘लाव’. पण हे पर्याय मोजता येण्याजोगे आहेत, सगळे एकाच आदेशाला जोडून ठेवता येतात. चुकले तरी नुकसान किती? भलताच प्रोग्राम उघडेल, तो बंद करायचा. फाइल पुसण्यासारख्या आदेशाला आधी खात्री विचारता येते. दुसरा आक्षेप असा की प्रोग्रामांची नावे इंग्रजीच आहेत, मग ‘ओपन’ म्हणायला काय हरकत? हरकत उघडण्यापाशी नाही, त्यानंतरच्या शेकडो आदेशांपाशी आहे. खाली सरकव, निवड, मागे घे, जतन कर : हे सगळे इंग्रजीत पाठ करायला लावले की ज्याचे शिक्षण मराठीत झाले त्याच्यासाठी ती सोय उरत नाही. आवाज कंपनीकडे जाण्याची भीतीही काढली जाते. पण व्हॉइस अ‍ॅक्सेस एकदा भाषेची फाइल उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय, त्या संगणकातच चालते.

सर्वात वजनदार आक्षेप वेगळाच आहे : हाताने दोन क्लिकमध्ये होणाऱ्या कामासाठी बोलायचे कशाला? ज्याचे हात चालतात त्याच्यापुरते हे अगदी रास्त आहे. गजबजलेल्या कार्यालयात तर शेजाऱ्याला त्रासच होईल. पण २०११च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, आणि त्यांतल्या सुमारे ५४ लाखांचे अपंगत्व हालचालीचे होते. पाठीच्या कण्याला इजा झालेला तरुण, संधिवाताने बोटे आखडलेली शिक्षिका, पक्षाघातानंतर उजवा हात गेलेला हिशेबनीस, यांच्यासाठी प्रोग्राम उघडणे ही कामाची पहिली पायरी आहे. ती ओलांडता आली नाही तर मागच्या लेखांकातली मराठी टायपिंगची सोय त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण ती सुरू करायलाही आधी माउस लागतो. वेगाचा हिशेब इथे गैरलागू आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. विंडोजमध्ये ‘फीडबॅक हब’ नावाचा प्रोग्राम असतो. त्यात व्हॉइस अ‍ॅक्सेससाठी मराठीची मागणी स्वतःच्या शब्दांत नोंदवा. घरात किंवा ओळखीत हाताचा वापर अवघड झालेले कुणी असेल, तर आजची इंग्रजी सोय त्यांना आधी चालू करून द्या आणि कुठे अडते ते त्यांच्याकडूनच त्या मागणीत लिहून घ्या.