चार कॅमेरे आणि एक अंतरपाट

परभणी : तुळशीचे लग्न लागले की जिल्ह्यातील मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत तर एकाच तिथीला गावोगावी मांडव पडतात. व्हीएचएस कॅसेटच्या जमान्यात एका विवाहाला एक कॅमेरा आणि हॅलोजनचा एक दिवा पुरत असे. आता छायाचित्रकाराचे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे, वर घिरट्या घालणारा ड्रोन आणि नवरदेवाच्या मित्राने मोबाइलवर टिपलेला परण्या, असा चहूबाजूंचा ऐवज संकलकाच्या टेबलावर येऊन पडतो. अंतरपाट मात्र एकदाच दूर होतो. तो क्षण नीट जुळला नाही तर व्यावसायिकाची उरलेली रक्कम अडकते आणि घरच्यांना तो पुन्हा पाहायला मिळत नाही.

गोंधळाचे मूळ बहुधा फ्रेमच्या गतीत असते. भारतात १९८२ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी आली ती पाल पद्धतीने, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम या हिशेबाने. मोबाइल मात्र सहसा ३० फ्रेम टिपतो, तेही एकसारख्या गतीने नव्हे. प्रकाश कमी झाला की त्याची गती खाली येते. ३० चे २५ करताना दर सहावी फ्रेम गळते आणि वरातीत चालणारी माणसे अडखळल्यासारखी दिसू लागतात. त्याहून फसवा प्रकार ३० आणि २९.९७ यांचा. ही दोन परिमाणे एकच समजून काम केले तर तासाभरात साडेतीन सेकंदांहून अधिक फरक पडतो. मग पहिल्या मंगलाष्टकेला जुळलेले ओठ शेवटच्या मंगलाष्टकेला जुळत नाहीत.

यावरचा उपाय विवाहाच्या आदल्या दिवशीच करावयाचा आहे. सर्व यंत्रे २५ वर आणावीत. अनेक ड्रोनमध्ये आणि आयफोनमध्ये ही सोय सेटिंगमध्ये दडलेली असते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर सेकंदाच्या पन्नासाव्या वा शंभराव्या भागावर ठेवले की दिव्यांची फडफडही टळते. सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे मिनिटासेकंदापर्यंत एकाच वेळेला लावावीत. एवढे साधे काम, पण घाईत हमखास राहून जाते. मोबाइलवरचे चित्रण आधीच ३० मध्ये आले असेल, तर संकलनास बसण्यापूर्वी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून त्याची गती स्थिर करून घ्यावी. परभणीच्या उन्हाळ्याचाही हिशेब हवा, कारण भर दुपारी उन्हात धरलेला मोबाइल तापून चित्रीकरणच थांबवतो.

साठवणुकीचे गणित तर तोंडी करता येते. सेकंदाला १०० मेगाबिट नोंदवणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी जागा खातो. असे दोन कॅमेरे सहा तास चालले की ५४० जीबी झाले. त्याची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर हवीच, म्हणजे एक टीबीच्या वर मामला गेला. प्रत्येक कॅमेऱ्याचे स्वतंत्र फोल्डर करून कार्डातील सगळे जसेच्या तसे उतरवावे आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये.

त्यानंतर जुळवणी. डाव्हिंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही आवाजाच्या लहरींवरून निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे तुकडे एका रांगेत बसवता येतात. त्यासाठी ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरवरून घेतलेला आवाज पायाभूत धरावा. पण यंत्रावर डोळे मिटून विसंबू नये. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मांडवाच्या टोकाला, चौतीस मीटरवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्यापर्यंत भटजींचा आवाज पोहोचण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे अडीच फ्रेम. आवाजावरून जुळवले की त्या कॅमेऱ्याचे चित्र तितके पुढे पळते. बहुतेक ड्रोन तर आवाज टिपतच नाहीत. अशा वेळी अक्षतांची पहिली उधळण ही सर्वांत भरवशाची खूण. ती प्रत्येक कॅमेऱ्यात दिसते आणि ती एकाच क्षणाची असते.

जुने संगणक एच.२६५ स्वरूपातील ४के चित्रण ओढू शकत नाहीत. त्यासाठी हलक्या प्रती, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, तयार करून त्यांवर काटछाट करावी आणि अंतिम फिल्म मूळ चित्रणातून काढावी. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे एकाच संगणकावर काम करणाऱ्यांना नवा घेण्याआधी हा मार्ग परवडणारा आहे.

रंगांची खरी परीक्षा हळदीच्या दिवशी. एका कंपनीच्या कॅमेऱ्यात हळद केशरी दिसते, दुसऱ्याच्या हिरवट. त्यात मांडवाच्या रंगीत कापडामुळे व्हाइट बॅलन्स आपोआप बदलत राहिला, तर वधूचा चेहरा दर तुकड्याला वेगळा दिसतो. तो हाताने एका आकड्यावर बांधून ठेवावा आणि मोबाइलवरील एचडीआर बंद करावे. संकलनात मुख्य कॅमेऱ्यातील चेहरा प्रमाण मानून बाकीचे त्याच्याजवळ आणावेत. नाना फिल्टर लावण्याचा मोह नंतर.

फिल्म सोपवताना पेन ड्राइव्ह कोणत्या टीव्हीला लागणार, हे अवश्य विचारावे. फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि जुने टीव्ही बहुधा तीच पद्धत वाचतात. तेव्हा साखरपुडा, हळद, लग्न आणि पाठवणी असे भाग पाडून एच.२६४ मध्ये दिलेली फिल्म खेड्यातल्या घरीही विनासायास लागते.